किरकोळ अंगातला मेद

मराठीतले शरीराविषयीचे शब्द मी जमवू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भरल्या अंगाचे आपल्याकडे कौतुकच फार. तान्ह्याने बाळसे धरले की घर सुखावते. पोट सुटलेला माणूस ‘खात्यापित्या घरचा’ ठरतो. वारंवार दुष्काळ पाहिलेल्या मुलखात हे स्वाभाविकच म्हणायचे. किरकोळ अंगाच्या माणसाविषयी मात्र एकच काळजी असे : याला पोटभर मिळते ना? अशा माणसाच्या अंगातही घातक मेद साठत असेल, ही शंका या शब्दांत कुठेच नाही. आधुनिक वैद्यकालाही ती उशिराच आली.

अतिस्थूलता हा दोष आहे, हे जुन्यांना ठाऊक होते. चरकसंहितेच्या ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात निंद्य मानलेल्या आठ शरीरांमध्ये अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही आहेत. पैकी कृश त्यातल्या त्यात बरा, असा निर्वाळा दिला आहे. प्रमेहाचे रोगी मात्र स्थूल असतात तसे कृशही असतात, ही नोंद त्याच संहितेत अन्यत्र सापडते.

आज दवाखान्यात वापरतात ते माप युरोपातले. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३०च्या दशकात दाखवले, की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांचा शोध ‘सरासरी माणसा’चा होता, रोगाचा नव्हे. १९७२ साली अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी याच गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. त्यांच्या अभ्यासात पाच देशांतले सात हजारांहून अधिक पुरुष होते. स्त्री एकही नव्हती आणि त्या पाच देशांत भारत नव्हता. पुढे २५च्या वर जादा वजन आणि ३०च्या वर स्थूलता, अशा रेषा जगभर रूढ झाल्या.

या मापाची मर्यादा पुण्याजवळच्या सहा खेड्यांत उघड झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तेथे गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भातल्या कुपोषणाची फळे प्रौढपणी मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या रूपाने भोगावी लागतात, असे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर मांडत होते. त्यांच्या गटाचा या कामात सहभाग होता. इथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर लहान होता. पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे बाळ हडकुळे, पण मेदाळ.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३पासूनच सावध व्हावे असे सुचवले. २००९ साली भारतीय डॉक्टरांनी २३ला जादा वजन आणि २५ला स्थूलता मानली. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरवली. वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप आली ती अशी.

या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद कमरेची नाही, त्या खेड्यांतल्या आयांची आहे. ज्यांच्या आहारात दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या वरचेवर असत, त्यांची बाळे थोडी मोठी भरली. गरोदरपणीही शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली. सुमारे दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीराची दाद कमी असल्याचे दिसले. चाळिशीतल्या माणसाने चालावे, गोड आवरावे, स्नायूंना काम द्यावे, हे खरेच आहे. पण त्याच्या मधुमेहाचा इतिहास लिहायचा, तर त्याच्या आईच्या ताटात काय पडत होते आणि तिच्या डोक्यावर किती हंडे होते, तिथून सुरुवात करावी लागेल.