मोठ्या बोरचे पिस्तूल आणि कर्जत-खालापूर : परवाना, काडतूस व किंमत

चांगल्या घडणीचे, मोठ्या बोरचे आणि बेताच्या पैशांत मिळणारे पिस्तूल कोणते, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा वाटतो. परंतु कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या इतिहासात त्याचा माग काढू लागल्यास तो मुख्यतः परवान्याचा व काडतुसाचा प्रश्न आहे, असे आढळून येते. या डोंगराळ मुलखात कोणाच्या हाती कोणते शस्त्र पडावे, हे गेल्या दीडशे वर्षांत कारागिराने किंवा गिऱ्हाइकाने क्वचितच ठरविले. बहुतांशी ते कायद्याने व त्याखालील नियमांच्या परिशिष्टांनी ठरविले.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल, कारण या विषयातील पुष्कळसा घोटाळा शब्दांतूनच उद्भवतो. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या संपर्काने आले. ‘बंदूक’ आणि ‘तमंचा’ फारसीच्या वाटेने आले. ‘रिव्हॉल्व्हर’ इंग्रजांबरोबर आला. ‘चकमक’ हा मूळचा तुर्की शब्द. ठिणगी पाडणाऱ्या गारेचा व पोलादाचा तो वाचक असून त्यावरून चकमकीची बंदूक हे नाव पडले, आणि मराठीत छोट्या झटापटीसही हाच शब्द लागू झाला. हे सर्व शब्द आपापल्या जागी स्थिर झाले आहेत. ‘बोर’ या शब्दाचे मात्र तसे नाही. बारा बोरची बंदूक म्हणजे एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बंदूक. या गणतीत आकडा वाढला की नळी अरुंद होते. पिस्तुलाच्या बाबतीत आकडा इंचाच्या शतांशांचा असतो. तेथे आकडा वाढला की नळी रुंद होते. लोकव्यवहारात मात्र ‘बारा बोर’ आणि ‘बत्तीस बोर’ हे एकाच मापाचे दोन आकडे असल्याप्रमाणे बोलले जातात. वस्तुतः बारा बोरच्या नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, तर ‘बत्तीस बोर’च्या पिस्तुलाचा जेमतेम आठ मिलिमीटर. ज्यास मोठ्या बोरचे शस्त्र हवे आहे त्याने केवळ आकड्यावर भिस्त ठेवल्यास तो फसतो.

कर्जत-खालापुराचा प्रदेश आखूड पल्ल्याच्या लढाईस अनुकूल आहे. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सैन्याची जी कोंडी केली, ती दाट रान व अरुंद वाट यांच्या बळावर केली. तथापि त्या काळी तमंचा हे स्वाराच्या कमरेचे, मोलाचे शस्त्र होते. पायदळाचा भर तोड्याच्या बंदुकीवर असे. पिस्तूल ही सामान्य माणसाने विकत घेण्याजोगी वस्तू होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि ती तशी होऊ लागली त्याच सुमारास तिच्याभोवती परवान्याचे कुंपण पडले.

हे कुंपण म्हणजे १८७८ चा शस्त्रांचा कायदा होय. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने एतद्देशीयांस परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सूट होती, आणि हा वर्णभेद नियमांतून जाण्यास पहिले महायुद्ध संपावे लागले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उद्भवले. फडके पनवेल तालुक्यातील शिरढोणचे. त्यांच्या साथीदारांनी मे १८७९ मध्ये खालापुराच्या शेजारी पळस्पे येथे दरोडा घातला. या दरोड्यांमागील हेतू उघड होता : माणसे जमविण्यास व शस्त्रे मिळविण्यास पैसा हवा. बाजारात शस्त्र होते. ते राजरोसपणे विकत घेण्याचा मार्ग तेवढा बंद होता. या परिस्थितीत ‘बेताचा खर्च’ या शब्दांना निराळाच अर्थ प्राप्त होतो. शस्त्राच्या किमतीत जोखमीची किंमत मिळविल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

शस्त्राची निवड कशी होत असे याचे महाराष्ट्रातील स्पष्ट उदाहरण कर्जतपासून दूर, नाशिकच्या प्रकरणात सापडते. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या दुहेरी तळात दडवून पाठविली. त्यांतीलच पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. बेल्जियममध्ये तयार होणारी ही ब्राउनिंग पिस्तुले ‘बत्तीस’च्या जातीची, म्हणजे लहान बोरची होती, गोळीचे वजन पाच ग्रॅमही नव्हते. त्याच काळी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेस ०.४५५ इंचाचे वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. त्याची गोळी सतरा ग्रॅमची, म्हणजे सुमारे साडेतीनपट जड. तरीही निवड ब्राउनिंगची झाली हे समजण्यासारखे आहे. ते चपटे, लपविण्यास सोपे, आणि अल्प अंतरावर पुरेसे होते. मोठा बोर म्हणजे चांगले शस्त्र हे समीकरण ज्यांस जीव धोक्यात घालून शस्त्र वापरावयाचे होते त्यांनीही मानले नाही.

येथे एका गोष्टीचा उलगडा करणे अवश्य आहे. मोठ्या बोरविषयी सरकारची भीती गोळीच्या आकाराची नव्हती, काडतूस कोठून येईल याची होती. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ०.४५० इंचाच्या शिकारी रायफलींच्या आयातीस बंदी केली. सैन्याकडील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा व्यास तोच असल्याने शिकाऱ्याची गोळी बंडखोरास उपयोगी पडेल, हे त्यामागील कारण. परिणाम मात्र विनोदी झाला. इंग्लंडमधील बंदूककारांनी ०.४६५, ०.४७० अशा किंचित निराळ्या, किंबहुना अधिक रुंद नळ्या घडविल्या, आणि त्या कायद्याच्या चौकटीत बसल्या. लष्करी काडतूस बसते की नाही ही कसोटी तेव्हापासून भारतीय शस्त्रकायद्यात मुरली, आणि तिचे फळ कर्जतच्या गिऱ्हाइकासही भोगावे लागते.

या तालुक्यांच्या इतिहासात शस्त्रांची विषमता सर्वांत तीव्रपणे दिसते ती १९४२ मध्ये. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईच्या गिरण्यांची वीज याच रानातून मनोऱ्यांवरून जात असे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी उभारलेल्या आझाद दस्त्याने सप्टेंबर १९४२ पासून या मनोऱ्यांस लक्ष्य केले. गिरण्यांची वीज तोडणारे त्यांचे खरे हत्यार म्हणजे मनोऱ्यांचे पाय कापणारी करवत. बंदुका थोड्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिस अधिकारी हॉल यांच्या तुकडीने दस्त्यास गाठले. त्या गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मे झाले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात असला तरी ती माणसे कर्जतच्या मातीतील होती, आणि चौसष्ट वर्षे अमलात असलेल्या परवान्याच्या कायद्याचा अर्थ त्या पहाटे दिसून आला : एका बाजूस सरकारी शस्त्रागार, दुसऱ्या बाजूस हाती लागेल ते.

याच सुमारास ब्रिटिश सैन्याने स्वतःच मोठा बोर सोडला होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पहिल्या महायुद्धात घाईने भरती केलेल्या माणसांस जड ०.४५५ रिव्हॉल्व्हर चालविण्यास शिकविणे कठीण गेले. म्हणून १९३२ मध्ये ०.३८० चे हलके रिव्हॉल्व्हर स्वीकारण्यात आले. सरावाला वेळ नसणाऱ्या माणसास जड धक्क्याचे शस्त्र निरुपयोगी असते, हा निष्कर्ष ज्यांच्याकडे काडतुसांचा तोटा नव्हता अशांनी काढला. परवान्यावर वर्षास मोजकीच काडतुसे मिळणाऱ्या नागरिकास तो अधिकच लागू पडतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाचा मूळचा मजकूर कर्जत-खालापुरासारख्या मुलखाकरिता फार बोलका आहे. संरक्षणासाठी वा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना देण्याकडे कायद्याचा कल. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने मात्र सबळ कारण दाखविले पाहिजे. भाताची खाचरे व वरी-नाचणीची वरकस राखणाऱ्या कुणब्यास रानडुकरासाठी जी ठासणीची बंदूक परवडते, तिलाच कायद्याने जवळचे मानले. आखूड नळीस त्याने दूर ठेवले, आणि त्याचे कारण उघड आहे : जी अंगरख्याखाली दडते ती डुकरासाठी नसते.

त्या अधिनियमाखालील नियमांत निषिद्ध बोरची व्याख्या करताना १९०७ ची तीच कसोटी पुन्हा आली. ०.३८० किंवा ०.४५५ ची कडधारी काडतुसे, अथवा सैन्याची ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यात भरून उडविता येतील ते कोणत्याही बोरचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर निषिद्ध. म्हणजे मोठा व्यास हा स्वतः गुन्हा नव्हे. सरकारी काडतूस सामावून घेणे हा गुन्हा. आयात चालू होती तोवर या फटीतून काही मोठ्या बोरची परदेशी शस्त्रे राजरोस आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास खासगी आयात बंद झाली आणि देशात असलेल्या त्या थोड्या शस्त्रांच्या किमती त्यांच्या घडणीशी संबंध न राहता चढत गेल्या. सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी मुख्यतः ‘बत्तीस’चीच रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले काढली. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ हेही त्याच बोरचे, आणि त्याची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा पल्ला वाढला, बोर वाढला नाही. सारांश, मध्यम प्राप्तीच्या माणसापुढे मोठ्या बोरचे नवे देशी पिस्तूल हा पर्याय प्रायः नव्हताच. जुने परदेशी शस्त्र किंवा नवे ‘बत्तीस’ एवढीच निवड होती.

जुने शस्त्र घ्यावयाचे तर कोकणच्या या उंबरठ्यावर पहिली परीक्षा गंजाची. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानवर तो पाच हजारांच्या आसपास जातो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचा क्षार नळीत उरतो, मिठाप्रमाणे हवेतील ओल शोषतो, आणि नळी उकळत्या पाण्याने धुतली नाही तर तिच्या आतील पोलादास खड्डे पाडतो. आषाढ-श्रावणात अशी नळी काही दिवसांत नासते. म्हणून बाहेरील झिलईवर न भुलता उजेडाकडे धरून नळीतून पाहावे. चाप दाबून धरला असता रिव्हॉल्व्हरचे फिरते नळकांडे हलता कामा नये, आणि त्याचे प्रत्येक घर नळीच्या तोंडाशी नेमके जुळले पाहिजे. नावाजलेल्या कारखान्याचा शिक्का या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे काडतूस भारतात तयार होते की नाही हे पाहणे. ‘बत्तीस’चे होते, कित्येक मोठ्या बोरांचे होत नाही. पाच-पंचवीस जुन्या काडतुसांवर जगणारे उंची पिस्तूल हे शस्त्र कमी आणि ठेवा अधिक.

२०१६ मध्ये नवे शस्त्रनियम आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. ज्या घरांत आजोबांची बारा बोर, पिकाची ठासणीची बंदूक आणि एखादे जुने रिव्हॉल्व्हर अशी तीन शस्त्रे होती, त्यांस कोणते एक सोडावे हे ठरविणे भाग पडले. तेथे बोर, घडण व बाजारभाव यांच्या जोडीला रानातील डुकरे आणि अलिबागच्या जिल्हा कार्यालयातील परवान्याची नोंद, हे दोन्ही हिशेबात घ्यावे लागले.