थांबलेल्या ट्रकचा धंदा

ट्रकचा टायर किलोमीटरने झिजतो, सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर, मात्र चावी किती वेळा फिरली त्यावर झिजतो. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली, की नवी मुंबईतल्या तुर्भे आणि कळंबोलीच्या ट्रक तळांभोवती सेल्फ-डायनामो दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती का जमली हे कळू लागते. नागपूरहून निघालेला ट्रक आठशे किलोमीटरच्या वाटेत मोजक्याच वेळा बंद होतो. तोच ट्रक बाजाराच्या फाटकाबाहेर किंवा बंदराच्या रांगेत लागला, की दहा हात पुढे सरकण्यासाठी पुन्हा पुन्हा चालू करावा लागतो. प्रत्येक वेळी काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह कार्बन ब्रशमधून आर्मेचरमध्ये जातो, सोलेनॉइडच्या तांब्याच्या टोकांवर ठिणगी पडते, पिनियन फ्लायव्हीलच्या दातांवर आपटते. म्हणून माझे म्हणणे असे, की हा धंदा रस्त्याचा नसून खोळंब्याचा आहे. आणि नवी मुंबई हे मालवाहतुकीला थांबायला जागा मिळावी म्हणूनही आखलेले शहर असल्यामुळे तो इथे रुजला.

सेल्फ नव्हता तेव्हा हँडल होते आणि ते मारायला क्लीनर होता. कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर १९१२ साली आला, पण आपल्याकडच्या पेट्रोल लॉऱ्या त्यानंतरही कित्येक वर्षे हँडलच्या भरवशावर चालल्या. चित्र बदलले ते डिझेलमुळे. १९५४ साली जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक बनू लागले, पाठोपाठ अशोक लेलँड आली. पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक दाबाने हवा दाबणारे ते मोठे डिझेल इंजिन माणसाच्या मनगटाने फिरेना. चैनीची वस्तू असलेला सेल्फ ट्रकचा कणा झाला. मद्रासजवळ पाडी येथे ल्युकास-टीव्हीएसची स्थापना १९६१ साली झाली आणि स्टार्टर देशात बनू लागले. तरीही आयात परवान्यांच्या त्या काळात सुटा भाग दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे जुने टाकून नवे घेण्याचा विचार ट्रकमालकाला परवडणारा नव्हता.

मुंबईतले घाऊक बाजार तेव्हा मशीद बंदर, भायखळा, कर्नाक बंदर, दारूखाना अशा दाटीत होते. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, १९७० साली ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा पूल खुला झाला. पण शहर नुसत्या पुलाने वसत नाही. ट्रकांचा भार दक्षिण मुंबईतून हलवायचा तर बाजारच हलवायला हवे होते. कांदा-बटाटा १९८१ साली वाशीला आला, भाजी-फळांना यायला १९९६ उजाडले. लोखंडाच्या बाजारासाठी कळंबोली ठरली. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. या प्रत्येक स्थलांतराबरोबर ट्रकांची रांग आली. आराखड्यात गाळे, गोदामे, ट्रक टर्मिनल असे सगळे होते. रांगेत सेल्फ बसला तर काय, याचा विचार तिथे फारसा नव्हता. तो ज्यांनी केला त्यांनी टपऱ्या टाकल्या.

यावर कोणी म्हणेल, ड्रायव्हर इंजिन बंदच का करतो? पूर्वी तो करतही नसे. अशक्त सेल्फचा ट्रक चालू ठेवायचा किंवा उतारावर लावायचा, ही घाटातली जुनी युक्ती. पण डिझेल महाग होत गेले, आणि तुर्भे-कळंबोली म्हणजे भराव टाकलेली सपाट खाजण जमीन; भरतीचे पाणी सांभाळायला सिडकोला धारण तलाव बांधावे लागले, तिथे उतार कुठला? भरलेला ट्रक ढकलून चालू होत नाही. शिवाय खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे सेल्फच्या टर्मिनलला गंज ठरलेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कार्बन बदलणे हे पाना-स्क्रूड्रायव्हरचे काम, ते घरच्या घरी का होऊ नये? होते, अनेक ड्रायव्हर करतातही. फक्त त्यांचे घर साताऱ्याला, नगरला नाहीतर बिहारात असते. ट्रकपाशी घर म्हणजे केबिन. आणि कार्बन हा झिजेचा पहिलाच टप्पा. बुश झिजला की आर्मेचर खाली बसते आणि पोलवर घासू लागते. कॉम्युटेटरवर खाचा पडल्या तर तो लेथवर घासावा लागतो, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पुन्हा खाली कोरावा लागतो; गुंडाळी जळली तर इन्सुलेशनचा कागद, डाग, वार्निश आणि भट्टी. केबिनमध्ये हे मावत नाही. यालाच कोणी जुगाड म्हणते तेव्हा मला राहवत नाही. स्टार्टर मुळातच उघडून पुन्हा बांधण्यासाठी घडवलेला असतो, त्याचे बुश आणि कार्बन सुटे विकले जातात. यंत्राच्या रचनेला धरून केलेले काम जुगाड कसे?

या कारागिरांच्या शेजारी काम करणारे बाजारांतले हमाल, म्हणजे माथाडी, मात्र वेगळ्या वाटेने गेले. अण्णासाहेब पाटलांच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि बाजारांबरोबर कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरेही झाली. माल उचलणारा नोंदीत आला, माल आणणारे वाहन चालू करणारा नाही. एकेकट्या टपरीवाल्यांची संघटना बांधणे अवघड, हे एक कारण. दुसरे असे की ज्याचे गिऱ्हाईक दर रात्री वेगळे, त्याला मालक कोण म्हणून दाखवता येणार?

आता एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमुळे धंदा संपतो आहे, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे वाटते. इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले तरी ते फिरवायला सेल्फ लागतोच. बदलले आहे ते मालकाचे गणित: वॉरंटीतली गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जाते, मोठे ताफे देखभालीचा करार करतात, आणि टपरीकडे जुन्या एक-दोन गाड्यांचा मालक उरतो. पण या धंद्याला खरा धोका मला वेगवान रांगेचा दिसतो. फास्टॅगने टोलनाक्यावरचा थांबा कमी केला, बंदरातून माल थेट उचलण्याची सोय वाढली. विजेच्या ट्रकला सेल्फच नसतो, पण तो दूरचा प्रश्न आहे. त्याआधी बाजार समितीच्या फाटकावरची पहाटेची रांग किती आटते, यावर तुर्भ्याच्या टपऱ्यांचे पुढचे दिवस ठरतील, आणि ती रांग अजून तरी फारशी आटलेली नाही.