पित्याचे काचपात्र, पुत्राची माती

१/ प्रवाळांची मत्स्यटाकी उभारणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा. खारे पाणी भरा, खडक मांडा. मात्र काही आठवडे एकही मासा सोडू नका. ही प्रतीक्षा कशासाठी, हे उमगायला विज्ञानाला चार दशके लागली. त्या कथेत एकाच नावाचे पितापुत्र आहेत.

२/ लंडन, १८४९. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तळाशी वाळू असलेल्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे हेच तत्त्व समुद्राच्या पाण्यालाही लावले.

३/ त्यांची उपपत्ती अशी : मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजके खातात. हे खरे होते, पण अपुरे. मासे अमोनियाही सोडतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक.

४/ १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंत्झ यांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून सांडपाणी झिरपवले. त्यातील अमोनियाचे नायट्रेट झाले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली. म्हणजे ते काम सजीवांचे होते.

५/ इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे हा धागा पुढे नेला धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. त्यांचा विषय शेतीची माती. अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट, हे दोन टप्पे दोन निरनिराळे जीवाणू पार पाडतात, असे त्यांना आढळले. ते जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे करणे मात्र त्यांना साधले नाही. १८९० च्या सुमारास ते यश सर्गेई विनोग्राद्स्की यांना लाभले.

६/ नव्या टाकीत आज हाच क्रम दिसतो. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. पहिले दोन शून्यावर आले की खडकांवर जीवाणूंची वसाहत स्थिरावली असे समजावे. मासा सोडण्याची वेळ ती.

७/ थोरले वॉरिंग्टन १८६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या पात्रातील वाळूवरही हे जीवाणू राबत असणार. श्रेय मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या गोगलगायींना मिळाले. जे वडिलांच्या काचेआड होते, ते मुलाला मातीत सापडले.