अकूस्टिक गिटार : नवशिक्यांसाठी जुळणी आणि तारांची निवड

छत्तीसगडमधील भिलाई येथे गिटार शिकू पाहणाऱ्याची पहिली परीक्षा हवामान घेते. मे महिन्यात या पोलादनगरीतील पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. जूनमध्ये पाऊस सुरू होताच तीच हवा दमट होते. गिटारची वरची पातळ फळी या बदलाबरोबर आकसते आणि फुगते. त्यामुळे उन्हाळ्यात तारा खाली येऊन पडद्यांवर खरखरतात, तर पावसाळ्यात त्या वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटे दुखतात. दोष आपल्या बोटांचा आहे असे समजून काही विद्यार्थी दोन-तीन महिन्यांतच वाद्य बाजूला ठेवतात. दोष बहुधा जुळणीचा असतो.

जुळणी करण्यापूर्वी तारा सुरात लावून घ्याव्यात. त्यानंतर दांड्याची वक्रता पाहावी. जाड तार पहिल्या व चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबली असता सातव्या पडद्याजवळ सुमारे ०.१ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या एक ते तीन पानांइतकी फट असावी. फट जास्त असल्यास दांड्यातील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, घट्ट करावी लागते. ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. फिरत नसल्यास जोर न लावता जाणकाराकडे जावे. सळई तुटल्यास दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षाही अधिक होऊ शकतो.

तारांची उंची बाराव्या पडद्यावर मोजतात. जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली १.६ ते २ मिलिमीटर अंतर नवशिक्याला सोयीचे असते. ते अधिक असल्यास घोडीवरील सॅडल काढून तिचा तळ सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपरने घासतात. बाराव्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर कमी करण्यासाठी सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. घासलेले परत येत नाही, म्हणून थोडे थोडे घासून मोजत राहणे श्रेयस्कर.

मराठी श्रोत्यांना तंबोऱ्याची जवारी परिचित आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्यात रुंद घोडीवर तारेला मुद्दाम गुंजन दिले जाते. गिटारमध्ये मात्र तशी खरखर हा दोष मानला जातो.

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. बाजारात 'लाइट' नावाने मिळणाऱ्या संचातील सर्वांत बारीक तार बहुधा ०.०१२ इंचाची, तर 'एक्स्ट्रा लाइट' संचातील ०.०१० इंचाची असते. नवशिक्याने ०.०१० किंवा ०.०११ पासून आरंभ करावा. आवाज किंचित कमी भरदार येतो, पण बोटे टिकतात.

भिलाईच्या कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेथील रेल्वेरूळ देशभर गेले. गिटारची बारीक तारही पोलादाचीच, परंतु अधिक कार्बनयुक्त आणि बहुधा कथिलाचा मुलामा दिलेली असते. जाड तारांवर पितळी किंवा फॉस्फर ब्राँझचे वेष्टन असते. पोलादी 'लाइट' संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलोहून अधिक, तर नायलॉनचा सुमारे ४० किलो असतो. म्हणूनच नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. घोडी उखडते किंवा फळी वाकते. दुकानदाराने चालेल म्हटले तरी ऐकू नये.

तारा एकेक करून बदलाव्यात. नवी तार ताणली जाते, म्हणून पहिले काही दिवस सूर वारंवार उतरतो. तार खराब आहे असे समजू नये. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने घाम पुसावा. पावसाळ्यात गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर किंवा बंद मोटारीत ठेवू नये.