ससा, स्क्रू आणि बाबांची दाढ

बाबांची खालची दाढ काढून सात वर्षं झाली होती. ‘एका दाढेने काय अडतंय’ म्हणत तेवढा काळ गेला. डोंबिवलीच्या डेंटिस्टने स्कॅन दाखवला तेव्हा कळलं की दात नसला की त्याखालचं हाडही हळूहळू झिजतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, एवढं बाबांना समजलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : "हाडात तो टिकतो कसा? सिमेंट लावता?"

सिमेंट लागत नाही, आणि हे कळलं ते एका फसलेल्या कामातून. स्वीडनमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवलेली. काम संपल्यावर महागडी डबी परत काढायला गेले, तर निघेना. हाड तिला धरून वाढलं होतं. आमच्या भाषेत हा बग होता, त्यांनी फीचर केला.

१९६५ मध्ये योस्टा लार्सन हा पहिला रुग्ण. जन्मतःच जबड्यात दोष, खाणं-बोलणं अवघड. त्याच्या खालच्या जबड्यात बसवलेले इम्प्लांट २००६ साली तो वारला तोपर्यंत टिकले. तरीही दंतवैद्यकाने हे मान्य करायला वेळ घेतला. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जग वळलं. त्या काळात माझी आजी मिश्री लावत होती. पुढे दात गेले आणि रात्री कवळी पाण्याच्या वाटीत जाऊ लागली. तिला दुसरा पर्याय कोणी सांगितलाच नाही.

बाबांना मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांनी आधी साखर आटोक्यात आणायला लावली. मग हाडाची भर, काही महिने थांबणं, मग स्क्रू. ड्रिलचा आवाज ऐकून मीच बाहेर घामाघूम. बाबा म्हणाले, भूल दिल्यावर फक्त दाब जाणवला. दोन दिवस सूज, आठवडाभर मऊ भात. तंबाखू बंद, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

आता तीनेक महिने हाड स्क्रूला धरेपर्यंत वाट बघायची. याला शॉर्टकट नाही. घाई केली तर स्क्रू हलतो. वरची टोपी गणपतीनंतर बसेल. बाबा तोवर डावीकडून चावतायत, आणि मोदक मऊच असतात म्हणून निर्धास्त आहेत.