श्टॉल्त्स, रोबेर्ट
(२५ ऑगस्ट १८८०–२७ जून १९७५). ऑस्ट्रियन संगीतरचनाकार व ऑपेरेटांचा वाद्यवृंदसंचालक. जन्म ग्रात्स येथे एका संगीतव्यवसायी घराण्यात. वडील संगीतसंचालक, तर आई पियानोवादक होती. व्हिएन्ना येथे शिक्षण झाल्यावर त्याने मारिबॉर, झाल्त्सबुर्ख व बर्नो येथील रंगमंदिरांत उमेदवारी केली. १९०७ मध्ये तो व्हिएन्नातील ‘थिएटर आन डेर व्हीन’ या रंगमंदिराचा संगीतप्रमुख झाला. शॉच्या आर्म्स अँड द मॅन या नाटकावर आधारलेल्या, ऑस्कार श्ट्राउसच्या द चॉकलेट सोल्जर या ऑपेरेटाच्या पहिल्या प्रयोगाचे (१९०८) संचालन त्यानेच केले. १९१० मध्ये त्याने हे पद सोडले.

ऑपेरेटात गाणी, गद्य संवाद व नृत्य यांची सरमिसळ असल्याने संचालकाला नटाच्या प्रत्येक विरामावर लक्ष ठेवावे लागते. शिवाय व्हिएन्नी वॉल्ट्‌झमधील दुसरा ठोका किंचित आधी वाजवावयाचा असतो. हा सूक्ष्म झोल स्वरलिपीत उतरत नाही, तो परंपरेनेच शिकावा लागतो. श्टॉल्त्सचे खरे महत्त्व या परंपरेचा वाहक म्हणून आहे. त्याच्या स्वतःच्या ऑपेरेटांपेक्षा सुटी गीते व चित्रपटसंगीत अधिक टिकले. झ्वाय हेर्त्सन इम ड्रायफिअर्टेलटाक्ट (१९३०) हा त्याचा बोलपट विशेष गाजला.

१९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ऑपेरेटाचे कितीतरी रचनाकार, संहितालेखक व गायक ज्यू होते. लेहारचा संहितालेखक फ्रित्स ल्योनर-बेडा १९४२ मध्ये आउश्व्हित्सच्या छळछावणीत मरण पावला. श्टॉल्त्स स्वतः ज्यू नव्हता. नव्या राजवटीत त्याला मानाने राहता आले असते, तरी त्याने देश सोडला. तो झुरिकमार्गे पॅरिसला गेला. तेथे युद्धारंभी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला फ्रेंचांनीच स्थानबद्ध केले, हा दैवदुर्विलास होय. सुटकेनंतर १९४० मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथे लेहारच्या द मेरी विडो या ऑपेरेटाचे संचालन त्याने केले. त्यातील प्रमुख गायक यान कीपुरा व मार्टा एगर्ट हेही यूरोपातून आलेले होते.

१९४६ मध्ये तो व्हिएन्नाला परतला. उतारवयात त्याने जुन्या ऑपेरेटांचे विपुल ध्वनिमुद्रण केले. विसाव्या शतकारंभी या नाट्यप्रकाराच्या ऐन बहरात वाद्यवृंदापुढे उभा राहिलेला संचालक त्यांत ऐकावयास मिळतो. बर्लिन येथे त्याचे निधन झाले. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.