मिनिटामिनिटाला जागा होणारा पहारेकरी

१९७९ साली बेल प्रयोगशाळेतून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘क्रॉन’ हा छोटा प्रोग्राम होता. दर मिनिटाला जागे व्हायचे, यादी पाहायची, वेळ झालेले काम सुरू करून पुन्हा झोपायचे, एवढाच त्याचा उद्योग! यादीत प्रत्येक कामापुढे पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार.

मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २००५’च्या मोफत ‘एक्सप्रेस’ आवृत्तीत वेळापत्रक सांभाळणारा ‘एजंट’ नव्हता. मग डेटाबेसचा बॅकअप ठरल्या वेळी घ्यायचा कसा? लोकांनी विंडोजच्याच वेळापत्रकात ती आज्ञा नोंदवली. युक्ती क्रॉनचीच, आणि उणीवही जुनीच: यंत्र बंद असताना हुकलेले काम क्रॉन नंतर भरून काढत नाही. शाळेत संध्याकाळी मेन स्विच बंद होत असेल, तर बॅकअपची वेळ मधल्या सुट्टीची ठेवावी.